रक्त कुणाशीच जुळेना : वर्धा-चंद्रपूर सीमेवरच्या एका आजींचं प्रकरण

रुग्ण ७३ वर्षांच्या आजी, वजन ४१ किलो. हिंगणघाट ते वरोरा या कापसाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात मुलगा, सून आणि नातवंडांसोबत राहणाऱ्या. डिसेंबरमध्ये त्यांना जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल केलं तेव्हा चार पावलं चाललं तरी दम लागत होता, छातीत दुखत होतं, डोळे पिवळे झाले होते आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती. हिमोग्लोबिन ४.८. ईसीजीमध्ये हृदयाला रक्त अपुरं पडत असल्याच्या खुणा. रक्त चढवायला हवं यात कुणालाच शंका नव्हती.

अडचण पुढे सुरू झाली. गावाजवळच्या एका लॅबने स्लाइडवर रक्तगट काढून ‘एबी पॉझिटिव्ह’ लिहून दिलं होतं. एका रक्तपेढीने गट जुळत नाही म्हणून सॅम्पल परत केलं, दुसरीने सगळ्या पिशव्यांशी क्रॉसमॅच करून, म्हणजे आजींचं रक्त दात्याच्या रक्ताशी मिसळून, पाहिलं आणि ‘इनकॉम्पॅटिबल’ असा शेरा मारला. सॅम्पल आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तपेढीत आलं तोवर दुसरा दिवस मावळत आला होता. मुलगा खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, “मॅडम, तीन जागी फिरलो. कोणी म्हणते एबी हाय, कोणी म्हणते गटच निघत नाही. मायले रक्त लावाचं का नाही, तेवढं सांगा.”

त्याच्या हातात बर्फाचा डबा होता आणि आत आईच्या रक्ताच्या ट्यूब. सॅम्पल खराब होऊ नये म्हणून कुणीतरी काळजीने बर्फात घालून दिलेलं. एरवी त्यात काही बिघडलं नसतं. मी जांभळ्या झाकणाची ट्यूब उजेडात धरून तिरपी केली. काचेवर रक्ताचा सारखा थर न राहता वाळूसारखे लाल कण चिकटून राहिले. गुठळी झाली म्हणावं तर ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए होतं. ट्यूब मुठीत धरली, मग ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवली. थोड्या वेळाने काढून पाहिलं तर कण नाहीसे झाले होते, रक्त पुन्हा एकसारखं वाहत होतं. रुग्ण अजून पाहिलेला नव्हता, पण निदानाची दिशा तिथेच मिळाली.

सोबत आलेला सीबीसीचा कागदही तेच सांगत होता. हिमोग्लोबिन ४.८, लाल पेशी फक्त ०.६२ दशलक्ष, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) १२२, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ७.६ आणि एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ६३. लाल पेशीत इतकं हिमोग्लोबिन मावूच शकत नाही, एमसीएचसी ३६-३७ च्या वर गेला की आधी यंत्रावर नव्हे, तर सॅम्पलवर संशय घ्यावा. पेशी एकमेकींना चिकटल्या की यंत्र दोन-तीन पेशींचा पुंजका एकच मोठी पेशी म्हणून मोजतं आणि मोठे पुंजके मोजतच नाही. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजलं जातं, त्यामुळे तो आकडा खरा असतो. तेच सॅम्पल कोमट करून लगेच चालवलं तेव्हा लाल पेशी १.५५ दशलक्ष, एमसीव्ही ९८, एमसीएचसी ३१.६ आले. या भागात अशा रुग्णात सिकलसेल आणि मलेरिया आधी डोक्यात येतात, तसे ते यायलाच हवेत. दोन्ही तपासण्या तिथल्या डॉक्टरांनी केल्या होत्या आणि दोन्ही निगेटिव्ह होत्या.

थंडीत चिकटणारं रक्त

शरीरात काय होत होतं ते थोडक्यात सांगते. आजींच्या रक्तात स्वतःच्याच लाल पेशींना धरणारी आयजीएम जातीची अँटीबॉडी होती. ही थंडीत घट्ट धरते, उबेत सोडते. या आजाराला कोल्ड ॲग्लुटिनिन डिसीज म्हणतात. थंडीत गोठल्यासारखं होणाऱ्या रक्ताचं वर्णन लँडस्टायनर यांनी १९०३ मध्येच केलं होतं. ही अँटीबॉडी बहुतेक वेळा लाल पेशींवरच्या ‘आय’ नावाच्या अँटिजेनला (पेशीची ओळख ठरवणाऱ्या रेणूला) धरते, आणि तो जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या पेशींवर असतो. म्हणून आजींचं रक्त दात्यांच्या प्रत्येक पिशवीशी चिकटत होतं. ‘आय’ नसलेला दाता शोधायला निघालं तर आयुष्य जाईल, आणि तो शोधण्याची गरजही नसते.

बोटं, कान, नाक या भागात रक्त थंड होतं तिथे अँटीबॉडी पेशीला धरते आणि काँप्लिमेंट नावाची प्रथिनं पेशीवर चिकटवून ठेवते. तेच रक्त छाती-पोटाच्या उबेत परतलं की अँटीबॉडी सुटून जाते, पण काँप्लिमेंटची खूण राहते. ती खूण ओळखून यकृतातल्या पेशी त्या लाल पेशींना गिळतात. म्हातारपणी दीर्घकाळ चालणाऱ्या या आजारामागे अस्थिमज्जेतल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचा एक छोटा गट वाढलेला असतो. तरुणांमध्ये न्यूमोनियासारख्या संसर्गानंतर अशा अँटीबॉडी काही आठवडे दिसतात आणि ओसरतात. आजींना तसा संसर्ग झालेला नव्हता.

फोनवर सुनेला विचारलं, बोटांना काही होतं का? ती म्हणाली, “थंडीत निळेकाळे पडते जी. सकाळी कापूस येचाले गेली का येऊन इस्तवापाशी बसते, मंग बरे होते.” किती वर्षांपासून? “झाले असतील तीन-चार साल.” म्हणजे प्रत्येक हिवाळ्यात हे शरीर सांगत होतं. दवात भिजलेल्या कापसात सकाळी सातला हात घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईची बोटं निळी पडली तर घरात कुणाला त्यात आजार दिसणार?

थर्मासमधलं सॅम्पल

बर्फातलं सॅम्पल मी वापरायचं नाही असं ठरवलं. ईडीटीएतलं रक्त कोमट करून पेशी मोकळ्या करता येतात, पण साध्या ट्यूबमधलं रक्त थंडीत गोठलं की अँटीबॉडी गुठळीतल्या पेशींना चिकटून बसते आणि वरच्या सीरममध्ये, म्हणजे पातळ द्रवात, उरतच नाही. मग टायटर, म्हणजे अँटीबॉडीची मोजलेली ताकद, खोटाच कमी येतो. ट्यूब आमच्याकडे यायला रस्त्याने दीडएक तास लागणार होता. तिथल्या रक्त साठवण केंद्राचा तंत्रज्ञ फार तयारीचा निघाला. त्याला सांगितलं ते त्याने अक्षरशः केलं: रिकाम्या ट्यूब आणि सिरिंज आधी कोमट पाण्यात पिशवीत ठेवल्या, आजींचा हात ब्लँकेटखाली गरम केला, रक्त काढून ट्यूबना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि चहाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये थर्मामीटरने ३९ अंश मोजलेल्या पाण्यात सोडल्या. आमच्याकडे पोहोचलं तेव्हा पाणी ३६ अंशांवर होतं. सीरम आम्ही उबेतच वेगळं केलं. महागड्या उपकरणाची इथे गरज पडली नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्राला हे जमण्यासारखं आहे.

आता गट. पेशी ३७ अंशांच्या सलाइनने चार वेळा धुतल्या, शेजारी तुलनेसाठी, अँटीबॉडी नसलेला अल्ब्युमिनचा कंट्रोल लावला. कंट्रोल निगेटिव्ह आला, म्हणजे पेशी आपोआप चिकटणं थांबलं होतं आणि आता दिसेल ते खरं. गट निघाला बी पॉझिटिव्ह. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे आजींचं सीरम गट माहीत असलेल्या पेशींशी लावून पाहताना, नेहमीच्या तापमानाला ए, बी, ओ सगळ्याच पेशी चिकटत होत्या, सगळं आधी ३७ अंशांवर आणून केलं तेव्हा फक्त ए पेशी चिकटल्या. बी गटाला हेच हवं.

इथे जरा थांबते. स्लाइडवरच्या ‘एबी पॉझिटिव्ह’ या कागदावर विसंबून एबीची पिशवी लावली असती तर आजींच्या अंगातल्या ए-विरोधी अँटीबॉडीने ती पिशवी शिरेतच फोडली असती. ४.८ हिमोग्लोबिन आणि दमलेलं हृदय घेऊन त्या त्यातून उठल्या नसत्या. ज्या रक्तपेढीने गट जुळत नाही म्हणून सॅम्पल परत केलं, तिने निदान हा धोका तरी टाळला. पण ‘जुळत नाही’ एवढं लिहून कागद मुलाच्या हातात देणं मला मान्य नाही. पुढे कुठे जायचं, सॅम्पल कसं न्यायचं, हे लिहायला आणखी दोन ओळी लागतात.

लाल पेशींवर काय चिकटलंय ते दाखवणाऱ्या डायरेक्ट कूम्ब्स चाचणीत सी३डी (काँप्लिमेंटची खूण) तीन प्लस आणि आयजीजी (सहसा उबेत काम करणाऱ्या जातीची अँटीबॉडी) निगेटिव्ह. चार अंशांना टायटर १०२४. त्याहून मोलाची चाचणी होती अँटीबॉडी किती तापमानापर्यंत काम करते हे पाहण्याची. अनेक निरोगी माणसांतही क्षीण थंड अँटीबॉडी असते, ती चार अंशांना धरते आणि वर काही करत नाही. आजींची ३० अंशांपर्यंत धरत होती, ३७ ला नाही. हाताच्या बोटांचं तापमान हिवाळ्यात सहज ३० च्या खाली जातं, त्यामुळे सगळं चित्र जुळलं.

डीजेखालची हाक

या प्रकरणातला खरा धोका मला वेगळ्याच ठिकाणी वाटत होता. मोठ्याने डीजे वाजत असला की शेजारच्या घरातून कुणी मारलेली हाक ऐकू येत नाही. थंड अँटीबॉडीचंही तसंच आहे. ती सगळ्या पेशींना चिकटवून इतका गोंगाट करते की तिच्याखाली दुसरी, उबेत काम करणारी अँटीबॉडी लपली असेल तर कळत नाही. आणि पिशवी चढवल्यावर जीव घेऊ शकते ती ही दुसरी. गरोदरपणात किंवा आधी चढवलेल्या रक्तामुळे ती तयार झालेली असू शकते. आजींची सहा बाळंतपणं झाली होती, म्हणून संशय होताच.

आधी रक्त लावलं होतं का, या प्रश्नाला घरच्यांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. तंत्रज्ञाला म्हटलं, सुनेला नको, आजींनाच विचार, आणि ऑपरेशनबद्दल विचार. आजी म्हणाल्या, “गर्भपिशवी काढली तवा एक बाटली लावली होती ना, नागपूरले.” मुलगा तेव्हा लहान होता, त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे बायांच्या आयुष्यातलं निम्मं वैद्यकीय रेकॉर्ड असं फक्त त्यांच्याच आठवणीत असतं. म्हाताऱ्या रुग्णाला बोलतं करायला वेळ काढावाच लागतो.

सगळी अभिकर्मकं आणि पेशी आधी ३७ अंशांवर आणून, सगळे वॉश कोमट सलाइनने करून आणि फक्त आयजीजी ओळखणारं कूम्ब्स अभिकर्मक वापरून लपलेल्या अँटीबॉडीसाठी स्क्रीनिंग केलं. पॉलिस्पेसिफिक वापरलं असतं तर त्याने काँप्लिमेंटही पकडलं असतं आणि गोंगाट परत आला असता. तरीही तीनपैकी दोन स्क्रीनिंग पेशी पॉझिटिव्ह राहिल्या. या प्री-वॉर्म पद्धतीचा एक दोष असा की क्षीण पण खऱ्या अँटीबॉडी तिच्यात सुटू शकतात. त्यामुळे एकट्या त्या पद्धतीवर विसंबायचं नाही असं ठरवलं. आजींना गेल्या तीन महिन्यांत रक्त लागलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्याच पेशी कोमट सलाइनने धुऊन, त्यांचंच सीरम त्या पेशींबरोबर चार अंशांना ठेवलं. थंड अँटीबॉडी स्वतःच्या पेशींवर चिकटून निघून गेली. हे दोनदा केलं आणि उरलेल्या सीरमवर अँटिजेन माहीत असलेल्या अकरा पेशींचं पॅनेल लावलं. अलीकडे रक्त चढलं असतं तर हे करता आलं नसतं, कारण अंगात फिरणाऱ्या परक्या पेशींनी लपलेली अँटीबॉडीही शोषून घेतली असती.

पॅनेलमध्ये स्पष्ट दिसली अँटी-स्मॉल सी, म्हणजे ‘स्मॉल सी’ या आरएच अँटिजेनविरुद्धची अँटीबॉडी. आजींच्या पेशींची आरएच तपासणी केली: बिग सी आणि स्मॉल ई पॉझिटिव्ह, स्मॉल सी आणि बिग ई निगेटिव्ह. भारतात हा प्रकार भरपूर आढळतो, दर दहा माणसांत साधारण चार जण स्मॉल सी नसलेले असतात. म्हणजे ‘कुणाशीच जुळत नाही’ अशा या रक्ताला चालणारे दाते आमच्याच फ्रिजमध्ये होते. बी गटाच्या सात पिशव्या तपासल्या, त्यातल्या तीन स्मॉल सी आणि बिग ई दोन्ही नसलेल्या निघाल्या. (बिग ईही आजींच्या पेशींवर नाही, म्हणून तोही टाळला.) ३७ अंशांना आयजीजी कूम्ब्सने क्रॉसमॅच केलं. तिन्ही जुळल्या.

मुलगा सतत म्हणत होता, “माझंच घ्या ना रक्त, मीबी बी पॉझिटिव्हच हावो.” त्याची तळमळ खरी होती, म्हणून त्याला नीट समजावलं. आईच्या पेशींवर स्मॉल सी नाही, म्हणूनच त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाली, ती बहुधा बाळांनी वडिलांकडून घेतलेल्या स्मॉल सीमुळे किंवा त्या जुन्या बाटलीमुळे. मुलाची तपासणी केली तर तो स्मॉल सी पॉझिटिव्ह. सगळ्या गावात आईला सर्वांत न चालणारं रक्त त्याचंच म्हणावं लागेल. शिवाय सख्ख्या नातेवाइकाचं रक्त रेडिएशन न देता चढवलं तर क्वचित दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णावरच उलटतात, आणि तो प्रकार जवळजवळ नेहमीच जीवघेणा असतो. मुलाने मग दुसऱ्या कुणासाठी रक्तदान केलं.

पिशवी थंड, बाई गरम

आजींना आमच्याकडे हलवावं की पिशवी तिकडे पाठवावी, यावर फोनवर बराच वेळ बोललो. हिवाळ्याची रात्र, अँब्युलन्समधला गारवा आणि ताणावर असलेलं हृदय पाहता पहिली पिशवी तिथेच लावायची असं ठरलं. सॅम्पल उबेत आलं, पण पिशवी मात्र नियमाप्रमाणे दोन ते दहा अंशांतच पाठवायची. या दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर दोन्हीकडून नुकसान, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

४१ किलोच्या, क्षीण हृदयाच्या माणसाला अख्खी पिशवी नेहमीच्या वेगाने दिली तर फुप्फुसात पाणी भरण्याची भीती. ताशी साधारण ४० मिली हा वेग सुरक्षित, पण फ्रिजबाहेर काढल्यावर चार तासांत पिशवी संपवावी लागते. म्हणून पॅक्ड सेलची (प्लाझ्मा काढून उरलेल्या लाल पेशींची) पिशवी सोबत जोडलेल्या रिकाम्या पिशवीत बंद नळीतूनच अर्धी काढली. अर्धी लावायची, अर्धी साठवण केंद्राच्या फ्रिजमध्ये. प्लाझ्मा द्यायचा नाही, हेही बजावलं. त्यातून ताजं काँप्लिमेंट मिळतं आणि पेशी तोडायला इंधन पुरतं.

ब्लड वॉर्मर ऑपरेशन थिएटरमधून आणला. एक बारकावा आवर्जून सांगते, कारण तो सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही: वॉर्मरमधून ३७ अंशांना निघालेलं रक्त इतक्या हळू वेगाने वाहत असेल तर हातापर्यंतच्या नळीतच पुन्हा गार होतं. म्हणून नळी शक्य तितकी आखूड ठेवली आणि हातासकट तिच्यावर ब्लँकेट घातलं. खिडक्या बंद, पंखा बंद, पायात मोजे, डोक्याला स्कार्फ, प्यायला कोमट पाणी. खोली आणि माणूस गरम ठेवणं हे वॉर्मरइतकंच, मला तर वाटतं त्याहूनही महत्त्वाचं आहे. जिथे वॉर्मर नाही तिथेही एवढं तर करता येतंच. पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवणं, उन्हात ठेवणं किंवा हीटरपाशी टांगणं मात्र कधीच करू नये. ४२ अंशांच्या वर पेशी पिशवीतच फुटू लागतात आणि ते रक्त विष होतं.

पहिली पंधरा मिनिटं मिनिटाला दहा-बारा थेंब. सिस्टर खुर्ची घेऊन पलंगाजवळच बसल्या. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ताप, आणि लघवीच्या पिशवीचा रंग. रंग गडद झाला की ताबडतोब बंद करायचं असं ठरलं होतं. तो झाला नाही. पहिली अर्धी पिशवी तीन तासांत गेली, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडची छोटी मात्रा दिली, आणि पहाटे दुसरी अर्धी. सकाळी हिमोग्लोबिन ५.९, दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी याच पद्धतीने दिल्यावर ७. लाल पेशी तुटल्या की वाढणारं बिलिरुबिन वाढलं नाही. छातीतलं दुखणं थांबलं आणि आजी उठून बसल्या. तिसरी पिशवी लावायची का, अशी विचारणा झाली. मी नको म्हटलं. या आजारात नव्या पेशीही त्याच वाटेने तुटत राहतात, त्यामुळे आकड्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. दम आणि छाती ठीक असेल तर थांबावं.

नंतर

पूर्वी कुठेतरी सुरू केलेलं प्रेडनिसोलोन हळूहळू बंद केलं. या आजारात स्टेरॉइडचा उपयोग फार थोडा, आणि म्हाताऱ्या हाडांना, साखरेला त्रास मात्र पुरेपूर. प्लीहा काढण्याचाही फायदा नाही, कारण पेशी प्रामुख्याने यकृतात तुटतात. आजी नंतर मोठ्या रुग्णालयात आल्या, अस्थिमज्जेची तपासणी झाली, हेपटायटिस बी नाही याची खात्री करून त्या बी पेशींवर काम करणाऱ्या रिटुक्सिमॅबचे आठवड्याला एक असे चार डोस दिले. साधारण निम्म्या रुग्णांना त्याने गुण येतो, तोही बहुधा पूर्ण नाही. आजींना आला. सध्या हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास आहे, फॉलिक ॲसिड चालू आहे. काँप्लिमेंटवरच काम करणारं सुटिमलिमॅब २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण आमच्या रुग्णांच्या आवाक्यात ते नाही.

घरी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. कापूस वेचायला ऊन वर आल्यावर जायचं, हातमोजे घालून. हौदाच्या पाण्यात धुणं नाही. ताप-खोकला आला की वाट न पाहता दवाखाना. सुनेला वाटलं, उन्हाळ्यात तरी काळजी नाही. पण विदर्भातला कूलर विसरून चालत नाही: बाहेर ४५ अंश असताना घरातला ओला कूलर थेट अंगावर झोत टाकतो, आणि त्याच्यासमोर रात्रभर झोपलेल्या आजींची बोटं मेमध्येही निळी पडू शकतात. कूलर दुसऱ्या भिंतीला लावला आहे.

आजींजवळ एक कार्ड दिलं आहे. त्यावर बी पॉझिटिव्ह, थंड अँटीबॉडी, अँटी-स्मॉल सी, स्मॉल सी आणि बिग ई नसलेली पिशवीच द्यावी, सॅम्पल उबेत पाठवावं, असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे. मुलगा ते रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवतो. अँटी-स्मॉल सी काही वर्षांनी चाचणीत दिसेनाशी होऊ शकते, पण स्मॉल सीची पिशवी लागली तर पुन्हा उसळते, म्हणून हे कार्ड आयुष्यभर चालायचं आहे.

आजींना आता मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे: एसी बंद किंवा कमी, गरम ब्लँकेट, डोळ्यात वापरायचं द्रव खोलीच्या तापमानाला आणलेलं, फ्रिजमधून काढलेलं थेट नाही. तारीख फेब्रुवारी संपल्यावरची मागितली आहे.